जिबेकचं पांढरं घर

माझ्या सासूबाईंचं नाव बुर्माकान. आमच्याकडे सुनेने सासरच्या थोरामोठ्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, आणि लग्न झाल्यापासून मी ते एकदाही घेतलेलं नाही. लिहायला मात्र कुणी मनाई केलेली नाही. सासूबाईंना वाचता येतं, पण चष्मा सापडला तर. आणि तो सापडत नाही, कारण बहुतेक वेळा त्या त्याच्यावरच बसलेल्या असतात.

गावात त्यांची ओळख नमद्यांमुळे. उन्हाळा आला की आमच्या अंगणात लोकरीचे ढीग पडतात. लोकर काठ्यांनी झोडायची, गवती चटईवर पसरायची, कढत पाणी ओतून चटई गच्च गुंडाळायची आणि मग चार-पाच बायकांनी ओळीने गुडघ्यांवर बसून ती गुंडाळी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातांनी दाबत, लाटत राहायची. दिवस कलतो तेव्हा कुठे लोकरीचा नमदा होतो. माझे हात दुपारीच भरून येत आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठत असे. सासूबाई मान वर न करता म्हणत, "सेयदे, विहिरीला आता तुझी सवय लागलीय." या वयातही त्यांचे हात असे की हस्तांदोलन करताना पुरुष तोंड वाकडं करतात.

राहायला आम्हा सगळ्यांची विटामातीची घरं आहेत. पण लग्न आणि मरण नमद्याच्या घरातच होतं. लाकडी जाळीच्या भिंती, छताच्या लांब काठ्या, त्या सगळ्या काठ्या जिथे येऊन भेटतात ते वरचं गोल कडं, आणि या सगळ्यावर नमदे. असं हे घर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मावतं आणि नेऊ तिथे उभं राहतं. कुणी गेलं की अंगणात ते उभं करायचं. गेलेला त्यात निजतो, बायका आत बसून गळा काढून त्याचं गाणं म्हणतात, पुरुष दाराबाहेर काठीवर भार टाकून रडतात, आणि मातीत ठेवेपर्यंत त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. गावात कुणी गेलं की आमचं करडं घर मागायला येत. सासूबाईंनी कधी नाही म्हटलं नाही.

पांढरं घर वेगळं होतं. ते जिबेकचं. जिबेक म्हणजे माझी लेक. तिच्या लग्नात द्यायचं म्हणून सासूबाईंनी फक्त पांढऱ्या मेंढ्यांची लोकर राखून ठेवली, त्यातला एकेक काळा केस नखांनी वेचून काढला आणि चार उन्हाळे लावून ते नमदे केले. घराला आतून लावायचे पट्टे विणायला ज्या बायका बसवल्या त्यांचा विणलेला अर्धा पट्टा उसवून परत विणायला लावला, कारण लाल रंग त्यांना "शेंबडा" वाटला. ते घर अजून एकदाही उभं केलेलं नव्हतं. नव्या घरात पहिला आवाज लग्नाच्या गाण्याचा व्हायला हवा, पहिली बसणारी नवरी हवी, असं आमच्याकडे मानतात. दुसऱ्या कशाचा आवाज त्यात आधी झाला तर तोच आवाज संसारभर त्या घरात राहतो म्हणतात.

आणि असल्या गोष्टी आमच्या होणाऱ्या विहीणबाईंइतक्या कडकपणे कुणीच पाळत नाही. कानिशाय, नदीपलीकडच्या गावची. तिचा गळा अख्ख्या तालुक्याला माहीत. कुठेही कुणी गेलं की गाडी पाठवून तिला नेतात, कारण ती गायला बसली की गेलेल्या माणसाचं सगळं आयुष्य आपल्यासमोर येऊन बसतं. तिचे यजमान जोल्दोश राजधानीत जाऊन चौकात घोषणा देणारे. तळ हटवा, तळ हटवा.

तळाबद्दल सांगायला हवं. राजधानीच्या विमानतळाशेजारी परक्या देशाच्या सैन्याचा तळ होता. तिथली विमानं आमच्या खोऱ्यावरून अफगाणिस्तानकडे जात आणि परत येत. तळ ठेवायचा की घालवायचा यावरून संसदेत हातघाईवर येत आणि आमच्या गावच्या दुकानात आवाज चढत. ज्यांची मुलं तळावरच्या धुलाईघरात, स्वयंपाकघरात कामाला, ते म्हणत राहू दे. बाकीचे म्हणत, आपल्या उंबऱ्यात परक्याचे बूट कशाला? सासूबाईंना विचारलं की त्या म्हणत, "दुपारचं विमान डोक्यावरून गेलं की मी कणीक मळायला घेते. तळ घालवणार असाल तर मला एक घड्याळ आणून द्या."

जोल्दोशचा राग राजकारणाचा होता, कानिशायचा नव्हता. सोव्हिएत काळात तिचा धाकटा भाऊ सैन्यातून त्याच अफगाणिस्तानात गेला होता. तो जस्ताच्या बंद पेटीत परत आला. पेटी उघडायची नाही असा हुकूम होता. तिने त्या पेटीजवळ बसून गाणं म्हटलं, चेहरा न बघता. तेव्हापासून त्या दिशेला जाणारं कुठलंही विमान, कुणाचंही असो, तिच्या डोळ्यांत सलतं. साखरपुड्याच्या जेवणात एक विमान वरून गेलं तर तिने हातातली वाटी खाली ठेवली आणि आवाज विरेपर्यंत घास घेतला नाही. मी तेव्हाच मनात म्हटलं, या बाईशी जपून वागायला हवं. लेक हिच्या घरात द्यायची आहे.

लग्न महिनाभरावर आलं होतं. जिबेकचे बाबा करडं घर घेऊन घोड्यांबरोबर वरच्या कुरणात गेले होते. पांढरं घर कोठीत गुंडाळून ठेवलेलं, वर सासूबाईंनी कसर लागू नये म्हणून कडू दवणा पसरलेला. मी रोज एकदा कुलूप ओढून बघत असे.

त्या दिवशी दुपारचं विमान आलं, पण गेलं नाही.

ढग खाली उतरले होते. सासूबाईंनी पीठ चाळायला घेतलं होतं. आवाज नेहमीसारखा वाढत गेला आणि मग मधेच तुटला. नंतर जो आवाज झाला त्याने कपाटातल्या वाट्या खाली आल्या. कुत्री पळाली. आम्ही बाहेर आलो तर गावाच्या वरच्या अंगाला, जिथे आमचं गवताचं रान आहे, तिथून काळा धूर निघत होता.

पुरुष घोड्यांवरून गेले, आम्ही धावत. विमानाचा मोठा भाग ओढ्यापलीकडे जळत होता, तिकडे जाता येत नव्हतं. पुढचा भाग तुटून आमच्या गवतात येऊन पडलेला. आणि त्याच्यापासून थोडं दूर दोन माणसं. विमानात दोघंच होती हे नंतर कळलं. अंगावर एकसारखे जाड पोशाख, डोक्याला घट्ट शिरस्त्राणं, चेहरे काजळीने भरलेले. दोघांचाही जीव गेलेला होता. सासूबाई गवतात बसल्या आणि काजळी पुसायला त्यांनी आपला रुमाल पुढे केला.

"आपा, हात लावू नका!" हा आमचा पोलीस, ताबाल्दी. आमच्याच गावचा पोरगा, सगळ्या गावासारखा सासूबाईंना आपा, म्हणजे आई, म्हणणारा, फोन कानाला आणि चेहरा पांढराफटक. "वरून सांगितलंय. तळावरचे लोक येईपर्यंत काही हलवायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. जिथे आहे तिथे तसंच."

"कधी येणार ते?"

"खालचा रस्ता ओढ्याने नेलाय. ढगांमुळे हेलिकॉप्टर उतरत नाही. सकाळी."

"सकाळी!" सासूबाईंनी वर बघितलं. तेवढ्यात पहिली गार त्यांच्या खांद्यावर पडली. "आणि तोपर्यंत ही दोघं इथे गारांत?"

"आपा, मी काय करू? हलवायचं नाही म्हणाले."

"नाही हलवत. माणसं नाही हलवत. घर हलवते. घर उभं करू नका असं म्हणाले का फोनवर?"

ताबाल्दीने फोनकडे बघितलं. "नाही, असं काही म्हणाले नाहीत."

"मग झालं तर."

मला कळायला थोडा वेळ लागला. करडं घर कुरणात होतं, घोड्यावरून दिवसभराच्या वाटेवर. म्हणजे उरलं कुठलं?

"आपा," मी त्यांच्या हाताला धरलं, "ते जिबेकचं आहे."

"ठाऊक आहे. मीच केलंय."

"कानिशायला कळलं तर? नव्या घरात आधी मरण? तेही तळावरच्या लोकांचं? ती लग्न मोडेल, आपा. तुम्ही तिला ओळखता. शाल घाला यांच्यावर, ताडपत्री आणते मी दुकानातून..."

"ताडपत्री!" त्या माझ्यावर अशा ओरडल्या की घोडे बिचकले. "माणसं आहेत का सिमेंटची पोती? आपल्या रानात येऊन पडलीत. पाहुणी आहेत. पाहुण्याला ताडपत्री घालतेस?"

"मग माझ्या पोरीने आयुष्यभर सासरची बोलणी खायची?"

त्यांनी रुमालावरच्या गारा झटकल्या. मग म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. घर तिचं आहे. तिला विचार."

जिबेक मागेच उभी होती. मी वळले तर ती नव्हती. घराकडे निघाली होती, जवळजवळ पळतच. आम्ही पोचलो तेव्हा तिने कोठीचं कुलूप काढलं होतं आणि ते वरचं कडं, जे उचलायला दोन माणसं लागतात, ते ती एकटी ओढत दाराबाहेर आणत होती. गाल लाल, डोळ्यांत पाणी. मी पुढे झाले. दुसऱ्या बाजूने उचललं. राग आला होता मला, सगळ्यांचाच, त्या विमानाचासुद्धा.

गारा पडत होत्या आणि आम्ही ट्रॉलीतून रानात आणलेलं घर बांधत होतो. जाळीच्या भिंती त्या दोघांच्या भोवती गोल उघडत नेल्या, असं जपून की गवताची काडीही त्यांच्या अंगाला लागली नाही. कडं वर धरायचं काम पुरुषाचं. ताबाल्दीने टोपी खिशात कोंबली, फोन जिबेकच्या हातात दिला आणि काठीने कडं डोक्यावर तोलून मधोमध उभा राहिला. आम्ही बायका एकेक काठी त्यात बसवत गेलो. फोन वाजत होता.

"उचलू का?" जिबेकने विचारलं.

"नको," ताबाल्दी कड्याखालून म्हणाला, "विचारतील काय करतोयस, आणि मला खोटं बोलता येत नाही."

पांढरे नमदे चढले. आत लाल पट्टे झळकले. मला रडूच आलं, इतकं ते घर सुंदर होतं. चार उन्हाळे त्या नमद्यांवर माझेही हात झिजले होते. हात लावायचा नव्हता म्हणून सासूबाईंनी दोघांच्या बाजूंनी दगड रचले आणि अंगाला लागू न देता त्या दगडांवर दोन पांढऱ्या चादरी तोलल्या. मग घराच्या डाव्या बाजूला, म्हणजे पुरुषांच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसल्या, कारण पुरुषाला तिथे बसून रडायचं असतं, आणि गाणं सुरू केलं.

आता, माझ्या सासूबाई शंभर गुणांच्या आहेत, पण गळा म्हणजे गंजलेली बिजागरी. "माझे दोन बहिरी ससाणे, आईचे दोन वाघ," असं त्या म्हणत राहिल्या. शब्द पुरत नव्हते म्हणून तेच तेच. रात्रभर आम्ही आळीपाळीने बसलो. त्या मात्र उठल्याच नाहीत.

सकाळी हेलिकॉप्टर उतरलं. एक उंच, टक्कल पडलेला अधिकारी आणि बरोबर राजधानीतली एक मुलगी, दुभाषी. मी म्हटलं आता ओरडतो. तो दाराशी आला, आत बघितलं आणि तसाच उभा राहिला. मग टोपी काढली, वाकून आत आला. उंबऱ्यावर पाय न देता ओलांडून आला, ते सासूबाईंनी बरोबर टिपलं. पुढे दिवसभर त्या हेच सांगत होत्या, "उंबरा ओलांडून आला. कुणीतरी शिकवलंय त्याला."

तो चादर उचलून एकाजवळ बसला, शिरस्त्राण सोडवलं आणि काहीतरी पुटपुटला. दुभाषी मुलगी आमच्याकडे वळली. "ते म्हणतायत, ही त्यांच्याकडची सगळ्यात चांगली वैमानिक होती."

"ही?" सासूबाई म्हणाल्या.

शिरस्त्राणाखालून पिवळसर केसांची वेणी बाहेर आली होती.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "अगं बाई! बाई होती ती? आणि मी रात्रभर तिला वाघ म्हणतेय! पुरुषांच्या बाजूला बसून! ससाणा काय, वाघ काय..." त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. "सेयदे, आपण बाईला पुरुषासारखं रडलो गं."

अधिकाऱ्याला वाटलं त्यांना चक्कर आली. दुभाषी मुलीने समजावलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येत नाही. हसू होतं, पण तसलं नाही. सासूबाईंनी त्याची बाही धरली. "तिचं नाव सांग. बापाचं नाव सांग. मला नीट रडायचंय."

"नाव सांगता येत नाही," मुलीने सांगितलं. "आधी तिच्या घरच्यांना कळवायला हवं. तसा नियम आहे."

"बरा आहे नियम. आधी आईलाच कळायला हवं. मग नाव सोडून काहीतरी सांग."

त्याने शिरस्त्राण काखेत धरलं. त्याची माणसं दोघांना उचलून नेत होती, हळूहळू. मग म्हणाला, आई आहे तिची. गावाकडे घोडे आहेत. सुट्टीत गेली की घोड्यांचंच करायची, आणि तळावर आली की सगळ्यांना घोड्यांचे फोटो दाखवून कंटाळा आणायची.

"घोडे," सासूबाई म्हणाल्या. "पुरे आहे."

हेलिकॉप्टर गेलं. मी म्हटलं, आता तरी नमदे उतरवू, वाळवू, कोठीत ठेवू. कदाचित नदीपलीकडे कळणारही नाही. सासूबाई ऐकेनात. "घर तीन दिवस उभं राहतं. आणि त्या पोरीचं अजून झालंच कुठे आहे? मी उजवीकडे बसते, बायकांच्या बाजूला, आणि पहिल्यापासून म्हणते."

आणि खरंच बसल्या. दोन दिवस. गळा आणखी बसलेला, शब्द तर नव्हतेच. वाघाच्या जागी काय म्हणायचं ते सुचेना. "घोडेवाली गं, घोडेवाली," एवढ्यावर गाडी अडलेली. गावच्या बायका येत, थोडं रडत, बोर्सोक, म्हणजे पिठाचे छोटे फुगे, तळायला मदत करत, आणि जाताना माझ्याकडे बघत. त्या बघण्याचा अर्थ मला कळत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी कानिशाय आली.

मी तिची गाडी रस्त्यावर बघितली आणि हातातला झारा तेलातच राहिला. ती एकटी होती. जोल्दोशना न घेता आली, म्हणजे बोलणी करायला नाही, मोडायला आली होती. डोक्याचा रुमाल घट्ट बांधलेला, ओठ त्याहून घट्ट. गवतातून सरळ माझ्याकडे आली. सलाम नाही, काही नाही.

"सेयदे, खरं आहे?"

"बसा तरी आधी..."

"मी बसायला आले नाही. ज्या घरात माझा मुलगा आणि सून निजणार त्या घरात तुम्ही मेलेल्यांना निजवलंत. आणि कुणाला? जे त्याच डोंगरात त्याच कामाला जातात त्यांना! माझ्या भावाचं काय झालं ते तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? जिबेक माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिचा हात माझ्या पाठीवर होता.

"मग माझं बोलणं ऐक," कानिशाय म्हणाली. "हे लग्न..."

आतून सासूबाईंचा आवाज आला. "घोडेवाली गं, घोडेवाली, तुझे घोडे, घोडे तुझे..."

कानिशाय थांबली. "हे काय आहे?"

"आपा आहेत. त्या पोरीसाठी."

"कुठल्या पोरीसाठी?"

"दोघांतली एक बाई होती. आम्हाला कळलंच नाही. रात्रभर आपा तिला पुरुषासारखं रडल्या. आता चूक दुरुस्त करतायत."

"पुरुषासारखं? काय म्हटलं?"

"वाघ," मी म्हटलं.

कानिशायच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी गायकाच्या चेहऱ्यावर बघितलंय, शेजारी कुणी बेसूर लावलं की येतं ते. आत पुन्हा बिजागरी करकरली. कानिशायने एकदा दाराकडे बघितलं, एकदा आपल्या गाडीकडे. शोकाच्या घराजवळ आलेली बाई तोंड मिटून परत जाऊ शकत नाही, हे तिला माझ्याहून जास्त माहीत होतं. पण मला वाटतं तिला आत नेलं ते त्या करकरीने.

ती वाकून आत शिरली. मी मागोमाग.

"बुर्माकान एजे," ती म्हणाली, आणि तिने सासूबाईंना एजे, म्हणजे ताई, म्हटलं तसे मी कान टवकारले, "असं रडतात का बाईला? नाव नाही, आईबापाचं नाव नाही, आणि घोडे घोडे काय लावलंय? बाजारात आलात?"

सासूबाईंनी सुजलेले डोळे वर केले. "मला येत नाही गं. तुला येतं. पण तुला कसं बोलावणार होते मी?"

"नाव काय तिचं?"

"सांगत नाहीत. आई आहे. घोड्यांच्या गावची आहे. रात्रभर इथे होती, मी जवळ बसले होते. एवढंच ठाऊक."

कानिशाय उभी होती. मग तिने गवत बघितलं. जिथे ते दोघं होते तिथे ते अजून दबलेलं होतं.

"तू बसली होतीस," ती म्हणाली.

"हो."

"रात्रभर."

"मग काय एकटं टाकायचं?"

कानिशाय उजव्या बाजूला बसली, भिंतीकडे तोंड केलं, दोन्ही हात कमरेवर टेकवले आणि सुरुवात केली. मी ते इथे लिहिते आहे तसं ते नव्हतं, चाल लिहिता येत नाही.

"घोड्यांच्या गावची लेक तू, ढगांच्या वाटेने आलीस गं,
आमच्या गवतात निजलीस, उशाला डोंगर घेतलास गं.
आईला तुझ्या सांगेल कोण, गारा तुला लागल्या नाहीत,
पांढरा नमदा अंगावर होता, एकटी तू राहिली नाहीस."

बाहेरच्या बायकांच्या हातातली कामं थांबली. ताबाल्दी काठीवर टेकून दाराशी उभा होता, तोही रडायला लागला. कानिशाय तिची सुट्टी गायली, तिचे घोडे गायली, तिच्या हातातला लगाम गायली, जशी काही त्या गावात लहानाची मोठी झाली होती. मग तिचा आवाज बदलला. खाली आला.

"भावाजवळ माझ्या कोण होतं, त्याच्या उशाशी कोण बसलं?
कुण्या परक्या आईने, सांग गं, आपलं दार त्याला उघडलं?"

हे त्या पोरीचं गाणं नव्हतं. असं मी कुणाच्याच गाण्यात ऐकलं नव्हतं. सासूबाई सरकत तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या खांद्यावर आपला तो जाडजूड हात टाकला. दोघी भिंतीकडे तोंड करून किती वेळ रडल्या कोण जाणे. कानिशाय मधेच म्हणाली, "माझ्याकडे नाव होतं एजे, माणूस दिसला नाही. तुला माणूस दिसला, नाव नाही." आणि परत रडायला लागली.

रडणं झालं की खायचं असतं. चहा आला, गरम बोर्सोक आले, लोणी आलं. कानिशायने पोटभर खाल्लं. मी समोर बसले होते आणि एकच बोर्सोक हातात फिरवत होते. ती ज्यासाठी आली होती ते अजून बोलून झालं नव्हतं. जिबेक चहा ओतत होती, वाटी भरून वाहायला लागली तरी ओतत होती.

कानिशायने नाक पुसलं, वाटी खाली ठेवली आणि मान वर करून छताकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली. मग उठली, भिंतीला हात लावला, एक पट्टा ओढून पाहिला.

"हा दोर कुणी बांधलाय?"

"मी," जिबेक म्हणाली. "गारा पडत होत्या."

"सैल आहे. वारा आला की नमदा फडफडेल." कानिशायने दोर सोडला, दातात धरून परत ओढला आणि गाठ मारली. "माझ्या सुनेच्या घराला असला दोर चालायचा नाही. लग्नाच्या दिवशी मी स्वतः येऊन सगळे बघणार आहे."

जिबेकच्या हातातली किटली मी वेळेवर धरली.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. त्यानंतर एका वर्षाने तळही गेला. जोल्दोशनी आनंदाने आमच्याकडे येऊन सासूबाईंना भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं. ते दहा मिनिटं मागे पडतं. सासूबाई त्याच्याकडे बघून अजूनही तळाबद्दल जोल्दोशना सुनावतात, आणि ते हसत ऐकून घेतात.

लग्नाच्या दिवशी त्या पांढऱ्या घरात बायकांची नुसती दाटी झाली होती. लग्नाचं गाणंही कानिशायनेच सुरू केलं, त्याच गळ्याने, आणि पोरी टाळ्या वाजवून बेभान झाल्या. माझ्या माहेरची एक मावशी उशिरा आली. बसायला जागा शोधत उजव्या बाजूला गेली, तिथे भिंतीशी एका माणसाची जागा मोकळी होती. ती बसणार इतक्यात कानिशायने गाणं न थांबवता तिचा हात धरून तिला आपल्याजवळ ओढलं.

"इकडे बस," ती म्हणाली, "तिथे एक बसलीय."